सागरप्रदक्षिणा आणि खरी नोंदवही

(इयत्ता पाचवी ते सातवी : भूगोल, गणित व भाषा या विषयांसाठी संयुक्त पाठ)

पाठाचा हेतू

पृथ्वी गोल आहे, हे वाक्य विद्यार्थी खालच्या इयत्तांतच पाठ करतो. परंतु त्या गोलाला एक वळसा घालावयाचा म्हणजे किती दिवस, किती श्रम आणि किती हिशेब लागतो, याची कल्पना त्याला नुसत्या वाक्यावरून येत नाही. वारे, ऋतू, अक्षांश व रेखांश ही प्रकरणे स्वतंत्रपणे शिकविली म्हणजे ती कोरडी वाटतात. शिडाच्या नौकेतून एकट्या माणसाने केलेल्या सागरप्रदक्षिणेची सत्य हकीकत सांगितल्यास ही सर्व प्रकरणे एका सूत्रात गुंफली जातात व मुलांच्या मनात टिकून राहतात.

या हकीकतीत भूगोलाइतकाच महत्त्वाचा असा दुसराही एक धडा आहे. दीर्घ काम तडीस नेण्यास धैर्य व कौशल्य तर लागतेच; परंतु आपण आज नेमके कोठे आहोत, हे रोज खरेपणाने लिहून ठेवण्याची सवयही तितकीच लागते. हा दुसरा धडा केवळ विद्यार्थ्यांसाठी नाही, शिक्षकांसाठीही आहे.

मुंबईत बांधलेली नौका

‘सुहेली’ ही दोन डोलकाठ्यांची शिडाची नौका १९६३-६४ च्या सुमारास मुंबईत बांधली गेली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचे एक तरुण इंग्रज अधिकारी त्या काळी व्यापारी जहाजांवर नोकरी करीत असत. त्यांनी ती बांधवून घेतली. नौकेची लांबी अवघी ३२ फूट, म्हणजे एखाद्या वर्गखोलीपेक्षा थोडी अधिक. तिचे लाकूड सागवानी होते. मुंबईच्या कारागिरांनी वाकस व सामता यांसारख्या हाताच्या हत्यारांनीच तिचे बरेचसे काम केले. इराणच्या आखातात वाहणाऱ्या आग्नेय वाऱ्याला अरब खलाशी ‘सुहेली’ म्हणतात. त्यावरून तिचे हे नाव पडले. १९६५ मध्ये ती मुंबईहून इंग्लंडकडे निघाली. पैसे अपुरे पडल्यामुळे वाटेत दक्षिण आफ्रिकेत तिला थांबावे लागले; परंतु पुढे ती सुखरूप लंडनला पोहोचली.

१९६६-६७ मध्ये फ्रान्सिस चिचेस्टर यांनी एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. पण ते वाटेत सिडनी बंदरात थांबले होते. कोठेही न थांबता, कोणाचेही साहाय्य न घेता एकट्याने पृथ्वीला वळसा घालणे मात्र तोपर्यंत कोणालाही साधले नव्हते. १९६८ मध्ये लंडनच्या ‘संडे टाइम्स’ या वृत्तपत्राने त्यासाठी स्पर्धा जाहीर केली. १ जून ते ३१ ऑक्टोबर १९६८ या मुदतीत केव्हाही निघावे. जो प्रथम परतेल त्याला सुवर्णगोलाचे पारितोषिक आणि ज्याला सर्वांत कमी दिवस लागतील त्याला ५००० पौंड, अशी योजना होती. नऊ जण निघाले. त्यांत सुहेली ही लहान व संथ नौकांपैकी एक होती.

मार्ग, वारे व ऋतू

या ठिकाणी शिक्षकांनी पृथ्वीचा गोल टेबलावर ठेवावा व नौकेचा मार्ग दोऱ्याने दाखवावा. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळील फाल्मथ बंदरातून नौका अटलांटिक महासागरात दक्षिणेकडे निघते. प्रथम ईशान्य व्यापारी वारे तिला साथ देतात. पुढे विषुववृत्ताजवळ शांत पट्टा लागतो. तेथे वारा पडतो व शिडे लोंबकळतात. तो ओलांडल्यावर आग्नेय व्यापारी वाऱ्यांशी गाठ पडते. त्याहून दक्षिणेस, ४० अक्षांशाच्या पलीकडे, पश्चिमी वारे वर्षभर जोराने वाहतात. दक्षिण गोलार्धात या अक्षांशांवर जमीन फार थोडी असल्यामुळे वाऱ्याला व लाटांना अडविणारे काहीच नसते. म्हणून खलाशांनी त्यांना ‘गरजणारे चाळीस’ असे नाव दिले आहे.

नौका पूर्वेकडेच का जाते, पश्चिमेकडे का जात नाही, हा प्रश्न मुलांना विचारावा. वाऱ्याची दिशा नीट समजली असेल, तर उत्तर त्यांच्याकडूनच येईल. आफ्रिकेचे केप ऑफ गुड होप, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांची दक्षिण बाजू आणि दक्षिण अमेरिकेचे केप हॉर्न हे टोक, असा हा मार्ग आहे. हॉर्नचे टोक शक्यतो डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात ओलांडावे लागते. कारण त्या वेळी दक्षिण गोलार्धात उन्हाळा असतो. निघण्याच्या मुदतीचे गणित या ऋतूंवरच बसविलेले होते.

समुद्रावर स्थान कसे काढतात

आज उपग्रहांच्या साहाय्याने नौकेचे स्थान क्षणात कळते. १९६८ मध्ये लहान नौकेवरील खलाशाला ते सूर्य व तारे यांवरून काढावे लागे. मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून किती अंश उंच आहे, हे तो कोनमापक यंत्राने मोजी आणि त्या दिवसाच्या तक्त्याशी ताडून अक्षांश काढी. रेखांशासाठी अचूक घड्याळ लागे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका तासात १५ अंश व चार मिनिटांत एक अंश. ग्रीनिचची वेळ दाखविणारे घड्याळ जवळ असले आणि नौकेवरील मध्यान्ह केव्हा झाली हे कळले, की दोन वेळांच्या अंतरावरून रेखांश मिळे. घड्याळात चार मिनिटांची चूक झाली, तर विषुववृत्तावर नौकेचे स्थान ६० सागरी मैलांनी चुकते. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

काढलेले स्थान, वाऱ्याची दिशा, लाटांची स्थिती, नौकेतील बिघाड व दुरुस्ती ही सर्व नोंदवहीत लिहिली जात. आजच्या स्थानावरून उद्याचा मार्ग ठरे. म्हणून समुद्रावर नोंदवही ही केवळ आठवणींची वही नसते. अंधारात चालणाऱ्याच्या हातातील कंदिलासारखी ती असते.

तीनशे बारा दिवस

१४ जून १९६८ रोजी सुहेली फाल्मथहून निघाली. त्या वेळी नॉक्स-जॉन्स्टन यांचे वय २९ वर्षांचे होते. आफ्रिकेच्या पश्चिमेस केप व्हर्द बेटांच्या परिसरात पोहोचेपर्यंत नौकेत पाणी शिरत असल्याचे त्यांच्या लक्षात आले. तळाजवळच्या फळ्यांचा सांधा सैल झाला होता. ते समुद्रात उतरले आणि श्वास रोखून, थोडा थोडा वेळ पाण्याखाली राहून त्यांनी त्या सांध्यात कापूस बसविला. त्यावर कॅनव्हासची पट्टी व तिच्यावर तांब्याचा पत्रा ठोकला. काम चालू असता एक शार्क मासा घिरट्या घालू लागला. तेव्हा वर येऊन त्यांनी बंदुकीने तो मारला व काम पुढे चालू ठेवले.

सप्टेंबरमध्ये दक्षिणेच्या समुद्रात प्रवेश करताच एका प्रचंड लाटेने नौका आडवी केली. वरची खोली आपल्या जागेवरून हलली. टाक्यांतील गोडे पाणी दूषित झाल्याचे आढळले; तेव्हापासून पिण्यासाठी पावसाचे पाणी शिडावरून गोळा करावे लागले. संदेश पाठविण्याचे बिनतारी यंत्र बंद पडले. वाऱ्याच्या आधाराने सुकाणू आपोआप सांभाळणारी यंत्रणा मोडली. मग शिडे अशा बेताने लावावी लागली की नौका स्वतःच आपली दिशा धरील. नोव्हेंबरमध्ये न्यूझीलंडच्या ओटागो बंदराजवळ ती वाळूत रुतली व भरतीच्या पाण्याबरोबर पुन्हा मोकळी झाली. १७ जानेवारी १९६९ रोजी तिने केप हॉर्न ओलांडले.

न्यूझीलंडचा किनारा सोडल्यानंतर चार महिन्यांहून अधिक काळ सुहेलीची कोणालाही वार्ता नव्हती. ती बुडाली असावी, अशीही शंका अनेकांना आली. अखेर ६ एप्रिल १९६९ रोजी उत्तर अटलांटिकमध्ये एका तेलवाहू जहाजाला त्यांनी दिव्याच्या उघडझापीने संदेश दिला आणि ते जिवंत असल्याचे जगाला कळले. २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, गंजाचे ओघळ उतरलेली ती नौका फाल्मथला परतली. जकात अधिकाऱ्यांनी रिवाजाप्रमाणे, कोठून येणे झाले, असे विचारले. तेव्हा, फाल्मथहून, एवढेच उत्तर त्यांना मिळाले.

दिवसामागून दिवस या नौकेवर कोणी तपासनीस नव्हता, कोणी विचारणारा नव्हता. तरीही रोजचे स्थान खरे लिहिले गेले. कारण ते खोटे लिहिले असते, तर प्रथम फसगत लिहिणाऱ्याचीच झाली असती.

दुसरी नोंदवही

त्याच स्पर्धेत डोनाल्ड क्रोहर्स्ट नावाचे एक इंग्रज यंत्रतज्ज्ञ होते. ते बुद्धिमान व कल्पक होते. त्यांनी तीन तळांची नौका नव्याने बांधवून घेतली; परंतु ती पुरती सिद्ध होण्यापूर्वीच, मुदतीच्या अगदी शेवटच्या दिवशी, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९६८ रोजी, त्यांना निघावे लागले. ही सफर पुरी झाली नाही तर त्यांचा व्यवसाय व घर दोन्ही धोक्यात येणार होती. नौकेत पाणी शिरू लागले. दक्षिणेच्या समुद्रात ती टिकणार नाही, हे त्यांना लवकरच कळून चुकले. पुढे जावे तर मृत्यू आणि मागे फिरावे तर सर्वनाश व उपहास, असे दोनच मार्ग त्यांना दिसू लागले.

डिसेंबरपासून त्यांनी तिसरा मार्ग धरला. त्यांचे बिनतारी यंत्र चालू होते; त्यावरून ते आपली खोटी स्थाने कळवू लागले. एका दिवसात २४३ मैल कापल्याचाही दावा त्यांनी केला. प्रत्यक्षात ते दक्षिण अटलांटिकमध्येच रेंगाळत होते. मार्च १९६९ मध्ये दुरुस्तीसाठी ते नियमाविरुद्ध आर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर उतरलेही. खरी स्थाने एकीकडे लिहावयाची व जगाला सांगावयाची स्थाने निराळी रचावयाची, असा दुहेरी उद्योग सुरू झाला. खरे स्थान काढण्यास सूर्याकडे पाहून हिशेब करावा लागतो. खोटे स्थान रचावयाचे तर न पाहिलेल्या सूर्याचा उलटा हिशेब मांडावा लागतो. असत्याचे गणित सत्याच्या गणिताहून कठीण असते, हे येथे अक्षरशः खरे ठरले.

त्या असत्याची झळ दुसऱ्यालाही लागली. नायजेल टेटली हे स्पर्धक पृथ्वीला वळसा घालून घराच्या वाटेवर होते. क्रोहर्स्ट वेगाने मागून येत आहेत, असे समजून त्यांनी आपली खिळखिळी झालेली नौका जोराने हाकली. ती २१ मे १९६९ रोजी अझोर्स बेटांच्या परिसरात बुडाली. टेटली यांना वाचविण्यात आले. १० जुलै १९६९ रोजी क्रोहर्स्ट यांची नौका अटलांटिकमध्ये वाहत असलेली सापडली. तिच्यावर कोणीही नव्हते. त्यांनी स्वतःच समुद्राचा आश्रय घेतला असावा, असे मानले जाते. खऱ्या स्थानांच्या वह्या मात्र त्यांनी नष्ट केल्या नव्हत्या. त्या नौकेवर तशाच होत्या, आणि त्यांवरूनच सारी हकीकत उघड झाली.

स्पर्धा पुरी करणारे नॉक्स-जॉन्स्टन हे एकटेच ठरले. त्यामुळे दोन्ही पारितोषिके त्यांना मिळाली. ५००० पौंडांची रक्कम त्यांनी क्रोहर्स्ट यांच्या कुटुंबासाठी दिली. आपल्या प्रतिस्पर्ध्याविषयी त्यांनी कोणता भाव बाळगला, हे या कृतीवरून दिसते. वर्गात क्रोहर्स्ट यांचे नाव घेताना शिक्षकांनीही तोच भाव बाळगावा. लहान मुलांना त्या शेवटाचा तपशील सांगू नये. ते परत आले नाहीत, एवढे सांगणे पुरे.

माघारीचा मान

या दोन वह्यांची तुलना करून खरे बोलावे, खोटे बोलू नये, एवढाच बोध काढल्यास पाठ अपुरा राहील. बुद्धिमान माणूस खोटे लिहू लागला, तो का, हा खरा प्रश्न आहे. चुकले असे म्हणून परत फिरण्याची वाट त्याला बंद दिसली, हे त्याचे उत्तर आहे.

वस्तुतः ती वाट बंद नव्हती. त्याच स्पर्धेत पाच जणांनी उघडपणे माघार घेतली. कोणाची डोलकाठी मोडली, कोणी आजारी पडले, कोणाची नौका त्या समुद्राला पुरी पडली नाही. त्यांतील चे ब्लाइथ यांनी दक्षिण आफ्रिकेत सफर सोडली होती. तेच पुढे १९७० मध्ये पुन्हा निघाले आणि वाऱ्याच्या विरुद्ध, म्हणजे पश्चिमेच्या दिशेने, न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून २९२ दिवसांनी १९७१ मध्ये परतले.

भारतीय दर्यावर्दींच्या इतिहासातही असेच उदाहरण आहे. भारतीय नौदलाचे दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या नौकेतून २००९-१० मध्ये मुंबईहून निघून, चार बंदरांत थांबून, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय होत. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता ती पुरी केली. २०१८ मध्ये १९६८ च्या स्पर्धेच्या धर्तीवर पुन्हा स्पर्धा झाली. तीत टॉमी गोव्यात बांधलेल्या ‘तुरिया’ नौकेतून उतरले. ती सुहेलीचीच प्रतिकृती होती. दक्षिण हिंदी महासागरात वादळाने डोलकाठ्या मोडल्या, टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली व त्यांना साहाय्य मागावे लागले. एका फ्रेंच जहाजाने त्यांना वाचविले. चार वर्षांनी, २०२२ मध्ये, ते त्याच स्पर्धेत पुन्हा उतरले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसऱ्या क्रमांकाने परतले. ज्याची नोंद खरी असते, त्याला पुन्हा निघता येते.

शाळेतही हेच घडते. उदाहरण सुटले नाही तर शेजाऱ्याच्या पाटीवरून उत्तर उतरविणारा मुलगा मुळात लबाड असतोच असे नाही. ‘आले नाही’ असे म्हटल्यास हसे होईल किंवा मार बसेल, ही भीती त्याच्या मनात असते. त्याने उतरविलेल्या अचूक उत्तरामुळे तो नेमका कोठे अडला आहे हे शिक्षकांना कळत नाही, आणि नौका चुकीच्या स्थानावरून पुढे हाकली जाते. ज्या वर्गात ‘मला येथपर्यंतच आले’ हे वाक्य निर्भयपणे उच्चारता येते, त्याच वर्गातील वह्या खऱ्या असतात. ती निर्भयता निर्माण करणे, हे शिक्षकांचे काम आहे.

वर्गातील उपक्रम : सावलीची नोंदवही

मैदानात एक मीटर लांबीची काठी ओळंब्याने सरळ उभी करावी. साडेअकरा ते एक या वेळात दर पाच मिनिटांनी तिच्या सावलीची लांबी मोजून वहीत लिहावी. सावली सर्वांत आखूड असते, ती त्या गावची मध्यान्ह. घड्याळ आधी आकाशवाणीच्या वेळेशी जुळवून घ्यावे. भारताची प्रमाणवेळ ८२½ अंश पूर्व रेखांशावरून ठरलेली असल्यामुळे महाराष्ट्रातील बहुतेक गावांची मध्यान्ह बारानंतर होते. उदाहरणार्थ, साताऱ्यास ती सुमारे १२ वाजून ३४ मिनिटांनी आढळेल. ३४ ला ४ ने भागल्यास ८½ येतात. ८२½ मधून ८½ वजा केल्यास ७४ अंश पूर्व हा रेखांश मिळतो. वर्षभरात सूर्याची मध्यान्ह काही मिनिटांनी पुढेमागे होत असल्यामुळे हा प्रयोग १५ एप्रिलच्या सुमारास करावा; त्या वेळी हा फरक जवळजवळ शून्य असतो.

हा प्रयोग चार-पाच दिवस करावा व तीन नियम पाळावेत. खोडरबराचा उपयोग करू नये. चुकलेला आकडा आडवी रेघ मारून तसाच दिसू द्यावा. ढगांमुळे सावली न पडल्यास ‘ढग होते, माप घेतले नाही’ असे लिहावे, आदल्या दिवशीचा आकडा उतरवू नये. नकाशातील रेखांशाशी उत्तर न जुळल्यास ते बदलू नये. चूक कोठे झाली असावी, याचा शोध गटाने घ्यावा. सर्वांत बरोबर उत्तर काढणाऱ्या गटाबरोबरच, आपली चूक स्वतः शोधून सांगणाऱ्या गटाचेही वर्गापुढे कौतुक करावे.

स्वाध्याय

१. सुहेलीने सुमारे ३०,००० सागरी मैलांचा प्रवास ३१२ दिवसांत केला. तिने दररोज सरासरी किती मैल कापले? तिचा ताशी वेग किती पडला? तो किलोमीटरमध्ये काढा.

२. जानेवारी महिन्यात केप हॉर्नजवळ कोणता ऋतू असतो? का?

३. सुहेली पूर्वेकडे गेली, तर चे ब्लाइथ १९७० मध्ये पश्चिमेकडे गेले. दोघांपैकी कोणाला समोरून येणाऱ्या वाऱ्याशी अधिक झुंजावे लागले असेल? गोलावर दाखवा.

४. बिनतारी यंत्र बंद पडल्यावरही नॉक्स-जॉन्स्टन यांनी रोजचे स्थान का लिहिले असावे? पाच ओळींत उत्तर लिहा.

५. ‘तडीस नेणे’ या वाक्प्रचारातील ‘तड’ या शब्दाचा अर्थ काठ किंवा किनारा असा आहे. हे ध्यानात घेऊन त्या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.

शेवटच्या प्रश्नाची चर्चा शिक्षकांनी सावकाश करावी. हाती घेतलेले काम किनाऱ्यास लावणे, असा त्या शब्दांचा मूळ अर्थ आहे. किनारा अजून किती दूर आहे, हे ज्याच्या वहीत खरे लिहिलेले असते, त्यालाच तो केव्हातरी गाठता येतो.